प्रदर्शनात वांगी, शेवंती, नानकटाई ठेवायचीय? मग आधी नग मोजा

पहिल्या वर्षी मी सहा वांगी नेली होती. नियमात लिहिलेलं पाच. घरातनं पाचच मोजून घेतलेली पण निघताना आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, ताटात वर एक ठेवलं, म्हणाल्या असू दे गं, देताना कधी मोजून देऊ नये. भाजी देताना ते बरोबरच आहे, पण परीक्षक आले, ताटाकडं बघितलं, बोटानं मोजलं, चिठ्ठीवर लाल पेनानं 'नग जास्त' लिहिलं आणि पुढं गेले. वांगं हातात पण घेतलं नाही हो. शेजारच्या ताटाला पहिला नंबर, आणि ती वांगी आमच्यापेक्षा डावी होती हे मी आजही सांगते.

तेव्हापासून दरवर्षी कुठं ना कुठं एंट्री टाकतेच. आमचा वाळवा तालुका, त्यामुळं कराड पण जवळ आणि सांगली पण. कराडला बाजार समितीचं प्रदर्शन नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतं, यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी २५ नोव्हेंबर, त्याच्या आसपास. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत असतं, ते डिसेंबर-जानेवारीत तिथीप्रमाणं. बाकी गावोगावच्या यात्रा, कारखान्याचे मेळावे, बचत गटांचे कार्यक्रम, कृषी विभागाचे महोत्सव, कुठं फक्त जनावरं असतात, कुठं ऊस-केळी-भाजीपाला-फुलं सगळं, कुठं बायकांसाठी पाककृती. बऱ्याच मैत्रिणी विचारतात की कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

एक गोंधळ आधी मिटवते. कृषी विभागाची पीक स्पर्धा असते ती वेगळी, त्यात शेतात येऊन कापणी करून हेक्टरी उत्पादन काढतात, तिथं ताट सजवायचं काही नसतं. मी सांगतेय ते प्रदर्शनातलं, टेबलावर आपला माल मांडायचा आणि लोकांनी बघायचा.

फॉर्म बहुतेक ग्रामपंचायतीत नाहीतर सहायक कृषी अधिकाऱ्यांकडं (पूर्वीचे कृषी सहायक) मिळतो, आता तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरते. तो फॉर्म भरायच्या आधी नियमाचा कागद दोनदा वाचायचा आणि मग घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला लावायचा. नग किती, वजन किती, देठासकट का बिनदेठाचं, माल किती वाजेपर्यंत मांडायचा, ताट आपलं का त्यांचं, फुलाला बाटली ते देणार का आपण न्यायची, माल स्वतःच्या शेतातला पाहिजे का. काही ठिकाणी सातबाऱ्याची झेरॉक्स मागतात. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर एंट्री कुणाच्या नावानं पडणार ते आधीच विचारून घ्या, नाहीतर राबायचं तुम्ही आणि सर्टिफिकेटवर नाव भाऊजींचं. हसू नका, आमच्या जाऊबाईंचं झालंय असं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं की मोठ्यात मोठा माल न्यायचा. दुधी दंडाएवढा, मुळा मांडीएवढा, बघणारे फोटो काढतात ते खरं पण 'सर्वात मोठा' असा वेगळा वर्ग नसेल तर नंबर त्याला लागत नाही. परीक्षक बहुतेक कृषी महाविद्यालयातले नाहीतर कृषी विज्ञान केंद्रातले असतात, ते बघतात की पाचच्या पाच नग एकसारखे आहेत का, त्या जातीचा जो रंग आणि आकार असायला पाहिजे तो आहे का, ताजं आहे का, कीड-रोगाचा डाग आहे का. पाचातली चार एक नंबर आणि पाचवं जरा बुटकं, की गेलं. त्यापेक्षा पाचही मध्यम पण जुळी भावंडं वाटावीत अशी असली की ताट उठून दिसतं. म्हणून रानात तोडताना पाच नाही, वीस-पंचवीस तोडा, पोत्यावर ओळीनं मांडा आणि नापास करत करत पाचावर या. मी तर किचनमधला इलेक्ट्रॉनिक काटा घेऊनच बसते. ८० ग्रॅमच्या वांग्याशेजारी ११० ग्रॅमचं ठेवलं की डोळ्याला लगेच कळतं, फक्त आपल्याला आपलं कळत नाही.

वांग्याबद्दल जरा जास्त बोलते कारण कृष्णाकाठच्या माणसाला वांग्याबद्दल कमी बोलता येत नाही. पहिलं बघतात तो देठ. हिरवागार, काटे ताठ, कापलेली जागा काळी पडलेली नको. म्हणून हातानं ओढून तोडायचं नाही, कात्रीनं इंचभर दांडी ठेवून कापायचं, तेही सकाळी दव असताना नाही, दव उडाल्यावर, नाहीतर ओल्या मालाला मातीचे डाग बसतात. मग ती देठाची टोपी असते ना, हिरव्या पाकळ्यांसारखी, ती नखानं हळूच उचलून खाली बघायचं. फळ पोखरणारी अळी बऱ्याचदा तिथनंच आत घुसते आणि भोक टोपीखाली झाकलेलं राहतं, बाहेरनं वांगं एकदम देखणं. परीक्षकांना हे माहीत असतं. माझ्यासमोर एका परीक्षकांनी टाचणीनं टोपी उचलली आणि खाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक, भोकातनं भुश्श्यासारखी विष्ठा बाहेर आलेली. ताटाच्या मालकाचा चेहरा बघवत नव्हता. आणि तेल लावून वांगी चकचकीत करू नका, मी दुसऱ्या वर्षी केलंय ते, दुपारपर्यंत त्याच्यावर प्रदर्शनातला सगळा फुफाटा चिकटून बसला. मऊ कोरड्या सुती फडक्यानं पुसलं की बास.

पुसण्याचं म्हणाल तर काही माल अजिबात पुसायचा नाही. काकडीवरची लव, कोबीवरचा पांढुरका थर, द्राक्षाच्या मण्यांवरची पांढरट झाक, हे सगळं ताजेपणाचं लक्षण आहे, एकदा बोट लागलं की बोटाचा ठसा तिथंच राहतो. तासगावकडची माणसं द्राक्षाचा घड फक्त दांडीला धरून उचलतात ते उगाच नाही. काकडी दोन्ही टोकांना धरून न्या, टोकाला वाळकं फूल चिकटलेलं असेल तर राहू दे, कोवळी आहे याचा तोच पुरावा.

भेंडी आणि गवार शेंगेला हात न लावता देठाला धरून तोडायची, भेंडीच्या कडा हाताळून काळ्या पडतात आणि संध्याकाळपर्यंत ते डाग पक्के होतात. ताटात सगळी देठं एका बाजूला, टोकं एका बाजूला. टोमॅटो देठाच्या हिरव्या चांदणीसकट, सगळे एकाच रंगावर आलेले, एक लाल एक नारंगी असं नको. फ्लॉवरचा गड्डा पांढरा पाहिजे असेल तर आठवडाभर आधी त्याचीच पानं वर घेऊन सुतळीनं बांधा, ऊन लागलं की पिवळा पडतो. कांद्याचे पापुद्रे सोलून सोलून लालभडक करायचा मोह आवरा, वरचा फाटका एखादा काढला तर ठीक, जास्त काढला की कांदा नागडा दिसतो आणि परीक्षक तेच म्हणणार. मान नीट वाळलेली असेल तर ती दुमडून सुतळीनं बांधली की छान दिसतं.

आलं हे साताऱ्याकडचं खास पीक, पण प्रदर्शनात मातीचा गड्डा तसाच नेणारे लोक मी बघितलेत. घासणी लावायची नाही, साल निघते. फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन, हो अगदी स्वच्छ धुऊन, नुसत्या पाण्याच्या धारेनं सांध्यासांध्यातली माती काढायची, मग सावलीत गोणपाटावर सुकवायचं. बोटं मोडली की गड्डा बाद, म्हणून काढतानाच कुदळीनं लांबनं उकरा. हळदीचं पण तसंच, फक्त हळद मे-जूनला लावली तर काढायला जानेवारी उजाडतो, मग नोव्हेंबरच्या प्रदर्शनात ओली हळद न्यायची म्हटली तर ती कच्चीच असणार. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून हळदीच्या टेबलापुढं गर्दी जास्त असते, तिथं अर्धवट माल ठेवून हसं करून घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमधल्या यात्रेसाठी राखून ठेवा.

यावरनं आठवलं, तारखेचं गणित. प्रदर्शनाची तारीख धरायची आणि मागं मोजत यायचं. गुलाब छाटणीपासून साधारण ४० ते ४५ दिवसांत फुलावर येतो, म्हणजे २४ नोव्हेंबरला फूल पाहिजे तर १० ऑक्टोबरच्या आसपास छाटणी. सगळी झाडं एकाच दिवशी छाटू नका, चार-चार दिवसांच्या अंतरानं तीन टप्पे करा, थंडी लवकर पडली की फूल मागं जातं. झेंडू रोप लावल्यापासून दोन महिने धरा. मुळा दीड महिना, गाजर तीन महिने. वांग्याचं झाड मात्र अगदी पहिल्या तोड्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या तोड्याला एकसारखा माल देतं हा माझा अनुभव, म्हणून ते लवकरच लावलेलं बरं.

शेवंतीची गंमत सांगते. आमच्या परड्यात दोन वाफे, एकच रोप, एकच खत, एकाच दिवशी लावलेले. एक वाफा दसऱ्यानंतर कळ्यांनी भरला आणि दुसरा, रस्त्याच्या बाजूचा, नुसता हिरवागार वाढत बसला. आत्या म्हणाल्या कुणाची तरी नजर लागली. मालकांनी औषध मारलं, खत घातलं, काही नाही. मग एका कृषी अधिकाऱ्यांनी येऊन बघितलं, वर बोट केलं. ग्रामपंचायतीनं नवीन एलईडी दिवा बसवलेला खांबावर, रात्रभर त्याचा उजेड थेट त्या वाफ्यावर. शेवंतीला रात्र मोठी झाली की कळी धरायची असते, उजेड पडला की तिला वाटतं अजून दिवस मोठाच आहे. दुसऱ्या वर्षी त्या बाजूला संध्याकाळी काळं कापड टाकायला लागले आणि फुलली. तेव्हा शेवंती, मग ती पिवळी असो का पांढरी, अंगणातल्या बल्बपासून लांब लावा.

फूल मोठं पाहिजे तर बाजूच्या कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच खुडा आणि दांडीला मधली एकच ठेवा, पण वर्ग 'एका दांडीवर अनेक फुलं' असा असेल तर उलटं, मधली कळी काढा म्हणजे बाकीच्या एका उंचीला येतात. परत तेच, कागद वाचा.

फुलं आदल्या संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कापायची नाहीतर पहाटे. दुपारी कापलेलं फूल मेलेलंच समजा. बादली सोबत घेऊन जायची, कापलं की दांडी लगेच पाण्यात, पाण्याखाली जाणारी पानं काढून टाकायची नाहीतर पाणी कुजतं, आणि रात्रभर बादली न्हाणीघरात अंधारात थंडाव्याला. सकाळी दांडीचं टोक परत अर्धा इंच तिरकं कापा. गुलाब अर्धा उमललेला पाहिजे, पूर्ण उमललेला नेला तर दुपारी पाकळ्या टेबलावर. ग्लॅडिओलसची खालची दोन-तीन फुलं उघडलेली, वरच्या कळ्यांना रंग दिसतोय अशी दांडी निवडा. शेवंती आणि झेंडू मात्र पूर्ण भरलेलं, उलटं करून बघा, मागच्या पाकळ्या मऊ पडून खाली लोंबत असतील तर ते फूल दोन दिवस जुनं आहे आणि परीक्षक पण उलटं करूनच बघतात. जर्बेऱ्याची मान मोडते, व्यापारी लोक दांडीला सरबताची नळी घालतात तसं प्रवासात करा, मांडताना काढून टाका.

फुलं न्यायची कशी हा मोठा प्रश्न. गाडीवर मागं बसून हातात धरून नेली की वाऱ्यानं वाट लागते. मी भाजीचं प्लॅस्टिकचं कॅरेट घेते, त्यात लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गळ्याशी कापून उभ्या बसवते, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे, बाटलीत चार बोटं पाणी, आणि दूधवाल्या भाऊंच्या टेम्पोत पुढं ठेवून. त्यांना एक शेवंतीचं फूल दिलं की ते खड्डे चुकवत नेतात. पोचल्यावर आपली जागा बघून घ्या. एकदा मला पत्र्याच्या मांडवात कडेला जागा मिळाली, अकरा वाजता ऊन थेट गुलाबावर आणि रात्री वर हॅलोजन, संयोजकांना तीनदा सांगितलं तर म्हणाले ताई सगळ्यांना सारखंच आहे. सारखं कसलं, आतल्या टेबलांना पंखा होता. तेव्हापासून वर्तमानपत्र आणि चार क्लिपा सोबत असतातच, परीक्षण होईपर्यंत आडोसा करायचा.

आता भट्टीचे पदार्थ. पूर्वी पाककृती म्हणजे पुरणपोळी नाहीतर धपाटे, पण आता केक, बिस्किटं, नानकटाईला पण वर्ग असतो आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी-बाजरी-नाचणीच्या बिस्किटांना तर फार भाव आलाय. ओव्हन नाही म्हणून थांबू नका. दिवाळीत आपण पीठ घेऊन गावातल्या बेकरीत नानकटाई भाजायला जातो तशीच जायची, फक्त त्यांना आधी विचारून पाव काढून झाल्यानंतरची वेळ घ्यायची, तेव्हा भट्टीची आग उतरलेली असते. भडक भट्टीत नानकटाई वरून लाल आणि आत कच्ची.

माझं प्रमाण अर्धा किलो मैद्याला ३०० ग्रॅम तूप आणि ३०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वेलची. तूप थिजलेलं पाहिजे, पातळ तुपात केली तर पसरून पापड होतो. तूप-साखर हातानं पांढरं हलकं होईपर्यंत फेसायची, पंधरा मिनिटं तरी, हात दुखला की अजून पाच मिनिटं. मैदा घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. आणि इथं पण काटा, प्रत्येक गोळा २५ ग्रॅम. डोळ्याच्या अंदाजानं केलेल्या बारा नानकटाया कधीच सारख्या होत नाहीत, काट्यानं होतात. घरच्या ओव्हनमध्ये १६० ते १७० डिग्रीला पंधरा-अठरा मिनिटं, वरून पांढरी, बुडाला फिकट बदामी. परीक्षक उलटी करून बूड बघतात, काळं बूड म्हणजे नंबर गेला. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरते आणि सकाळी मऊ.

नुसत्या ज्वारीचं किंवा नाचणीचं बिस्कीट हातात घेतलं की भुगा होतो कारण त्या पिठाला चिकटपणा नाही. वर्गात चालत असेल तर तिसरा हिस्सा कणीक घाला. 'फक्त तृणधान्य' असं लिहिलेलं असेल तर पीठ मंद भाजून घ्या, साखरेच्या जागी गुळाचं घट्ट पाणी घ्या आणि बिस्कीट जरा जाड ठेवा, पातळ लाटलं की तुटलंच.

कुकरमधला केक सुद्धा चालतो, शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून. आच मोठी ठेवली तर वर डोंगर येऊन फुटतो, लोकांना वाटतं फुगला म्हणजे छान, पण परीक्षक सपाट आणि सगळीकडनं एका रंगाचा शोधतात. सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही की कापल्यावर पिवळे ठिपके आणि साबणासारखी चव, तेव्हा चाळणीनं दोनदा चाळा. शिजलाय का बघायला मध्ये सुरी खुपसू नका, भोक दिसतं, कडेला बारीक काडी घाला. जाळीवर उलटा गार केला तर जाळीचे वळ उठतात, वर स्वच्छ फडकं टाका. साधा केक म्हटलंय तर क्रीम लावायचं नाही, चेरी पण नाही. आणि चिठ्ठीवर अंडं आहे का नाही ते मोठ्या अक्षरात लिहा, यात्रेत बरेच जण अंडं खात नाहीत, परीक्षक पण खात नसतील.

जास्तीचे नग सोबत न्याच, वाटेत एखादा चेपतो, एखाद्याचा देठ मोडतो. मी प्रत्येक वर्गाचे दोन जादा नेते, पण ते पिशवीत आणि पिशवी टेबलाखाली. आत्या आता स्वतः परत मोजतात, मोठ्यानं, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, एक, दोन, तीन. मागच्या वर्षी वांग्याला दुसरा नंबर आला तर म्हणाल्या, सहा ठेवली असती तर पहिला आला असता.

शेवटच्या दिवशी ताटं गोळा करायला वेळेत जा. सगळ्यांची स्टीलची, सगळी सारखी, आणि मांडव उतरवणारी पोरं एकावर एक रचून ठेवतात. ताटाच्या बुडाला नेलपॉलिशनं नाव घालून ठेवा. खडूनं लिहिलेलं पुसतं, माझी दोन ताटं तशीच गेली, आणि त्यातलं एक माहेरचं होतं.